बेअरिंगवर ठेवलेला हात

पंप चालू झाला की आमचे हे त्याच्या बेअरिंगवर हात ठेवायचे. आधी पालथा, मग तळवा. पालथा आधी अशासाठी, की चुकून बॉडीत करंट उतरला असेल तर हात झटक्याने मागे येतो, मूठ वळून तिथेच चिकटत नाही. पालथ्याला फार लागलं नाही तर मग तळवा टेकवायचा आणि मनातल्या मनात सावकाश आकडे मोजायचे. तळवा आरामात टिकला तर बेअरिंग ठीक. टिकेना झाला तर पंप बंद. हे सगळं त्यांनी मला जयपूरच्या झोटवाड्यातल्या आमच्या गाळ्यात शिकवलं, आणि वर बजावलं, "मीटर खोटं बोलंल, हात न्हाई बोलणार." मी आपली मान डोलावली. त्या हाताचीच मला एवढी धास्ती बसेल असं तेव्हा कुठं ठाऊक होतं?

आम्ही मूळचे सातारा जिल्ह्यातले. हे फौजेत गाड्या, जनरेटर, पंप दुरुस्त करणाऱ्या विभागात हवालदार होते, आणि शेवटची पोस्टिंग जयपूरची. रिटायर झाले की गावी जायचं ठरलं होतं. पण मुलीची बारावी होती. बारावी झाली तर कॉलेज आलं, कॉलेज झालं तर तिला इथेच विमा कंपनीत नोकरी लागली. तोवर यांनी झोटवाड्यात गाळा भाड्याने घेऊन पंपदुरुस्ती सुरू केली होती आणि कारखानेवाले 'फौजी साब' म्हणून ओळखायला लागले होते. गावचा फोन आला की अजून विचारतात, "कधी येताय कायमचं?" आम्ही म्हणतो, "येऊ की." झालं!

मी आधी नुसती फोन घ्यायला बसायचे. पण हातावर हात धरून बसणं माझ्या स्वभावात नाही, त्यामुळे हळूहळू सील बसवायचं काम माझ्याकडे आलं. पंपाचा शाफ्ट, म्हणजे फिरणारा दांडा, जिथून बाहेर येतो तिथून पाणी गळू नये म्हणून दोन कड्या एकमेकींवर घासत फिरतात, तेच सील. त्यांची तोंडं आरशासारखी गुळगुळीत असतात. नुसतं बोट लागलं तरी तेलकट डाग पडतो, आणि डागावर कचरा बसला की सील गेलंच समजा. मी जुन्या मऊ सुती साडीचे तुकडे धुऊन, वाळवून डब्यात घालून ठेवते आणि त्यातच धरून सील बसवते. बेअरिंग आणि कपलिंग मात्र यांचं खातं. बेअरिंगवर शाफ्ट फिरतो, आणि मोटर आणि पंप यांना जोडते ती कपलिंग. तिच्या दोन अर्ध्यांच्या मध्ये एक रबराची चांदणी असते. दोन्ही अर्धे अगदी एका रेषेत आले पाहिजेत. हे पट्टी लावून बघायचे, गेज घालून बघायचे, आणि शेवटी अंगठ्याचं नख सांध्यावरून फिरवायचे. केसाएवढी पायरी असली तरी त्यांना कळायची.

मी मुळातच भित्री. सासरी माझी थट्टा व्हायची, फौजीची बायको आणि पालीला घाबरते म्हणून. हे सीमेवर असताना फोन वाजला की मी आधी देवाला हात जोडायचे आणि मग फोन उचलायचे. ज्या दिवशी यांनी वर्दी उतरवून ट्रंकेत ठेवली त्या दिवशी मी देवापुढे साखर ठेवली आणि म्हटलं, सुटले बाई एकदाची. सुटले कसली!

पहिल्यांदा काय झालं, तर मी गॅसवरून दूध उतरवलं होतं. यांनी ते पातेलं कडेला धरून सरळ उचललं आणि टेबलावर नेऊन ठेवलं.

"अहो! सांडशी कुठाय?"

"कशाला? कोमट तर आहे."

मी बोट लावलं आणि चटकन तोंडात घातलं. चांगलं कढत होतं. मी हसले, म्हणाले, फौजेने तुमची कातडी पार गेंड्याची करून टाकली. हेही हसले. तेव्हा खरंच गंमत वाटली होती.

मग मे महिन्यात एकदा हे कोपऱ्यावरच्या दुकानातून ब्रेड घेऊन आले तेव्हा एका पायात चप्पल होती आणि एक पाय अनवाणी. मे महिन्यातला जयपूरचा रस्ता! कुत्रीसुद्धा सावली सोडून पाय टाकत नाहीत. मी विचारलं तेव्हा यांनी खाली बघितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आधी कधी बघितलं नव्हतं. चप्पल निघून गेलेली त्यांना कळलीच नव्हती. लगेच सावरून म्हणाले, "अंगठा तुटला होता तिचा, टाकून दिली." एकच चप्पल कोण टाकून देतं हो? मी पदर खोचून बघायला गेले, तर चप्पल गल्लीच्या तोंडाशी पडलेली, अंगठा धडधाकट.

साखरेचा आजार त्यांना बऱ्याच वर्षांचा. गोळी घेतात, पण मी पुढ्यात धरली तर. आणि शहरातल्या सोडाला भागात काम निघालं की तिथली कचोरी खाल्ल्याशिवाय यांचा पाय निघत नाही. आल्यावर मी मिशीकडे बघते, कचोरीचा चुरा तिथे असतोच. तेव्हा पायाचं मला थोडंफार समजत होतं. साखरेने पाय बधिर होतात हे माझ्या चुलत्यांचं बघितलं होतं. हाताचा विचार मनाला शिवला नव्हता, कारण हात म्हणजेच तर आमचं सगळं.

पण मग कपलिंगा परत यायला लागल्या. एका पिठाच्या गिरणीतला माणूस आला आणि त्याने कागदाची पुडी माझ्यापुढे उघडली. आत काळा भुगा. नव्या चांदणीचा इतक्यात भुगा झाला होता. मोटर आणि पंप एका रेषेत नसले की रबर असं चिरडून निघतं. हे म्हणाले, रबरच डुप्लिकेट आलं असणार. असंही होतं म्हणा. पण पुढे दुसरीकडून तीच तक्रार आली, आणि त्या वेळी रबर वेगळ्या दुकानातलं होतं. त्या दिवसापासून माझे डोळे त्यांच्या बोटांवर खिळले. नट उचलताना दोनदा निसटायचा. शर्टाचं वरचं बटण ते आरशात बघून लावायला लागले होते. बेअरिंग शाफ्टवर चढवण्याआधी आम्ही तेलात तापवतो. एकदा ते तापलेलं बेअरिंग यांनी चिंधीत धरून उचललं आणि चिंधी तेलाने भिजून पार चिकटली, तरी हे निवांत. मी तोंडावर हात दाबून उभी राहिले.

म्हटलं, एकदा खात्री तरी करावी. दुपारी दोन पेले भरले, एकात कढत चहा आणि एकात माठातलं पाणी. दोन्हींवर झाकण ठेवलं.

"न उघडता सांगा बरं, चहा कुठल्यात आहे?"

"हा काय पोरखेळ?"

"सांगा की!"

त्यांनी दोन्ही हातांत दोन पेले धरले. उजव्याकडे बघितलं, डाव्याकडे बघितलं, मग माझ्या तोंडाकडे बघत राहिले. "डावा," म्हणाले. बरोबर होतं! मला इतका आनंद झाला की मी झाकण काढून चहा त्यांच्यापुढे सरकवला. आणि मग एकदम लक्षात आलं. चहाचा पेला धरल्याबरोबर मीच घाबरून त्या हाताकडे बघितलं होतं. हाताने नव्हे, माझ्या डोळ्यांनी सांगितलं होतं त्यांना. मी म्हटलं, "अहो, डॉक्टरला दाखवू या ना. तुमच्या हाताला कळत नाही."

"काय धाड भरलीय माझ्या हाताला?" इतक्या जोरात ओरडले की शेजारचा वेल्डिंगवाला डोकावून गेला. फौजेतून आल्यापासून यांनी माझ्यावर आवाज चढवला नव्हता.

मुलीला सांगितलं. ती बिचारी तिच्या तिच्या मराठीत समजवायला बसली. "पापा, मतलब, एकदा नसांची टेस्ट करून घ्या ना. दुखत पण नाही." हे म्हणाले, "ज्याला दुखत न्हाई त्याची टेस्ट कशाला?" ती माझ्याकडे बघायला लागली. इकडे मुलीपुढे हसायचं आणि तिकडे बाथरूममध्ये नळ सोडून मन मोकळं करायचं, असं चाललं होतं माझं.

त्या दिवसांत मी रोज भीत होते. फिरत्या कपलिंगवर जाळीचं झाकण बसवल्याशिवाय मी बटण दाबूच द्यायची नाही. मला सारखं दिसायचं की यांचं बोट आत गेलंय आणि यांना पत्ताच नाही, हे आपले बोलतायत, हसतायत. असलं काही मनात आलं की मी भांडी घासल्यासारखे नट-बोल्टचे पाने घासत बसायचे. यांनी बसवलेली कपलिंग हे चहाला गेले की मी गुपचूप पुन्हा पट्टी लावून बघायचे. एकदा सापडले.

"माझ्यावर विश्वास न्हाई व्हय तुझा?"

"तुमच्यावर आहे हो. कपलिंगवर नाही."

हसतील म्हणून बोलले होते. हसले नाहीत.

सांगानेरच्या एका कापड रंगवायच्या कारखान्याचं काम आलं ते अशातच. तिथल्या बॉयलरला पाणी देणारे पंप दोन. एक आमच्या गाळ्यात खोलून पडलेला, दुसरा आवाज करायला लागलेला. हा दुसरा तिथेच दुरुस्त करायचा होता. आदल्या दिवशी आम्ही दोघांनी जाऊन नवं बेअरिंग, नवं रबर, नवं सील सगळं घातलं. सील मी बसवलं. बेअरिंगमध्ये ग्रीस यांनी बोटांनी भरलं. ते भरताना मी मोटरच्या बाजूला वाकले होते, मला दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चालवून बघायचं आणि यांनी 'ठीक' म्हटलं की बॉयलर पूर्ण जोरावर घ्यायचा, असं ठरलं.

हा पंप थांबला तर बॉयलरमध्ये पाणी जात नाही. खाली आग आणि वर पाणी उतरत चाललेलं, म्हणजे काय ते सांगायला नको. आणि बेअरिंग जळून निकामी झालं तर शाफ्ट हलतो, शाफ्ट हलला की सीलच्या कड्या उघडतात आणि उकळतं पाणी फवाऱ्यासारखं बाहेर येतं. बॉयलरवर काम करणारे भैयाजी त्या पंपाशेजारीच लोखंडी स्टूल टाकून बसायचे, कारण बॉयलरमधलं पाणी दाखवणारी काच तिथून दिसते. वयस्क, गळ्यात गमछा, मला 'भाभीजी' म्हणणारे. गेल्या गेल्या त्यांनी आमच्यासाठी चहा सांगितला.

पंप सुरू झाला. आवाज छान, गोल. सीलमधून टिपूस नाही. मी खाली वाकून दोनदा बघितलं आणि मनात म्हटलं, चला. चहा आला. आम्ही उभ्या उभ्या प्यायलो. भैयाजी त्यांच्या नातवाबद्दल सांगत होते. आणि तेवढ्यात माझ्या नाकाला वास आला.

ग्रीस तापलं की एक जळका, गोडसर वास येतो. एकदा घेतला की जन्मात विसरत नाही. कारखान्यात रंगाचा वास, वाफेचा वास, लाकडाच्या धुराचा वास, त्यात हा अगदी बारीक. मी यांच्याकडे बघितलं. हे कप ठेवून पंपाकडे निघाले होते. आज पालथा हात नाही, काही नाही, थेट तळवा बेअरिंगवर ठेवला आणि भैयाजींकडे वळून उभे राहिले.

भैयाजी स्टुलावरून उठून बघायला लागले. तिथली रीतच तशी. फौजी साबचा हात टेकला की सगळे गप्प राहतात, आणि हात उचलून ते 'चढाओ' म्हणाले की काम सुरू. कोणी मीटर मागत नाही, कोणी सही मागत नाही. हे उभे होते. चेहरा शांत. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. वास वाढत होता. मला वाटलं, मी चुकत असेन. देवा, मीच चुकत असू दे. भित्रीला नेहमीच काही ना काही जळल्याचा वास येतो.

"एकदम ठंडा है, भैया," हे म्हणाले. "चढाओ लोड."

भैयाजी वळले.

चारचौघांत यांचा शब्द खाली पाडायचा, आणि तोही यांच्या हाताबद्दल, हे माझ्याने व्हायचं नव्हतं. पण भैयाजींचा हात व्हॉल्व्हच्या चाकाकडे गेला आणि मी पुढे झाले. यांच्या तळव्याशेजारी जागा होती तिथे माझं बोट टेकवलं. टेकवलं म्हणजे लागलं आणि परत आलं. तेवढ्यानेच बोट पोळलं. आणि यांचा आख्खा तळवा तिथे तसाच होता. माझ्याकडे बघून हे हसत होते, म्हणजे 'बघितलंस, उगाच घाबरतेस' असं.

मी किंचाळले. "बंद करा! भैयाजी, बंद कीजिए, आग बंद कीजिए!" आणि यांचं मनगट धरून हात उचलला. तो सहज आला नाही. त्याबद्दल मी जास्त लिहिणार नाही.

भैयाजी म्हातारे, पण कसले चपळ! पंपाचं बटण दाबलं, आगीला हवा देणारा पंखा बंद केला, आणि फावड्याने जळती लाकडं बाहेर ओढायला लागले. तोंडाने "पानी है, अभी काच में पानी है, भाभीजी, घबराओ मत" चाललेलं. पंप गरगरत थांबला. सगळं एकदम चिडीचूप झालं. सील धड होतं, शाफ्ट धड होता, भैयाजी धड होते. मी भिंतीला धरून उभी राहिले.

हे अजून हसऱ्या चेहऱ्यानेच उभे. "काय गं? काय झालं एवढं ओरडाया?" मी नुसतं त्यांच्या हाताकडे बोट दाखवलं. त्यांनी तळवा उलटा करून बघितला. पुष्कळ वेळ बघितला. दुसऱ्या कुणाचा तरी हात आपल्याला धरायला दिलाय अशा नजरेने बघत होते. तोंडातून हूं नाही की चूं नाही. दुखतच नव्हतं ना! मला वाटलं, ओरडा हो, एकदा तरी ओरडा, शिव्या द्या, काही करा. ते म्हणाले, "भैयाजी, तुमको चाय छोडनी पडी."

पुढचं आधी सांगून टाकते. तो पंप आम्ही नंतर खोलला. बेअरिंगच्या घरात ग्रीस गच्च भरलेलं होतं. खरं तर निम्मी जागा मोकळी ठेवावी लागते. गच्च भरलं की ग्रीस आतल्या आत घुसळलं जातं आणि तापतं. हे कुठलाही शिकाऊ सांगेल. यांनी हजारदा भरलं असेल, पण बोटाला किती गेलं ते कळायला हवं ना. आता ग्रीस मी भरते, कपलिंग मी लावते, आणि बेअरिंगचं तापमान मीटरवर बघते. हे खुर्ची टाकून बसतात, लांब पेचकसाचं टोक पंपाला टेकवतात, मूठ कानाला लावतात आणि आतला आवाज ऐकतात. कान शाबूत आहेत. सांगानेरचे भैयाजी अजून त्याच स्टुलावर बसतात आणि मला अजून चहा पाजतात. माझी भीती गेलीय असं मात्र कुणी समजू नये. ती आहे तिथेच आहे.

पण त्या दिवशी दुपारी मी यांना रिक्षात घालून माजी सैनिकांच्या दवाखान्यात नेलं ते सांगायचं राहिलं. रस्ताभर हे हात मांडीवर ठेवून बाहेरची दुकानं बघत होते. मी रडत होते आणि रिक्षावाला आरशातून बघत होता. हे त्याला म्हणाले, "आगे देखो भाई, वो ऐसेही रोती है." मी रडता रडता हसले. मग पुन्हा रडू आलं.

डॉक्टर तरुण होता, शांत होता. त्याने उजवा हात बघितला, नुसतं "हम्म" म्हणाला. मग यांना डोळे मिटायला सांगितलं आणि डाव्या हाताच्या बोटांना टाचणीचं टोक लावायला लागला. प्रत्येक वेळी विचारायचा, "अब पता चला?" हे दर वेळी "जी" म्हणायचे. ताठ बसून, परेडमध्ये उत्तर द्यावं तसं. पुढे पुढे डॉक्टर टाचणी लावतच नव्हता. ती त्याने ट्रेमध्ये ठेवून दिली होती आणि नुसतं विचारत होता. "अब?" "जी." "और अब?" "जी, सर." डॉक्टरने माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. त्या तीन-चार 'जी'मध्ये मला कळलं की हे कधीपासून असे उत्तरं देत आलेत. पेल्यांच्या वेळी, कपलिंगच्या वेळी, गाळ्यात रोज. कितीतरी दिवस हा माणूस अंदाजाने चालला होता आणि एकटाच भीत होता. मी माझ्याच भीतीत एवढी बुडाले होते, की यांनाही भीती वाटत असेल हे मनात आलं नाही.

मग ड्रेसिंगला नेलं. अरुंद खाटेवर आडवं केलं. नर्स उजव्या बाजूला बसली आणि साफ करायला घेतलं. यांनी डोळे मिटून घेतले. दुखत नव्हतं, बघवत नव्हतं एवढंच. मी डाव्या बाजूला भिंतीशी स्टूल ओढून बसले. कात्रीचा आवाज येत होता, औषधाचा वास येत होता. यांच्या कपाळावर घाम आला होता. मी पदराने पुसला.

"अगं," डोळे मिटूनच म्हणाले. "हायस का तिथं?"

"आहे की. जाणार कुठं?"

मग इतक्या हळू बोलले, की मला वाकून ऐकावं लागलं.

"हात धर की जरा माझा. लई भ्या वाटाय लागलंय."

एवढ्या वर्षांच्या संसारात, सीमेवर जाताना, येताना, कधी म्हणून हा शब्द त्यांच्या तोंडून निघाला नव्हता. मी खाली बघितलं. त्यांचा डावा हात माझ्या दोन्ही हातांत होता. बसल्यापासून मी तो घट्ट धरून ठेवला होता, इतका घट्ट, की माझीच बोटं पांढरी पडली होती.

"हं, धरला," मी म्हणाले.